टेबलावर सांगेन, म्हणाली होतीस

कुसुममावशी,

मला भीती वाटते आहे. घे, म्हटलं एकदाचं. तू होतीस तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडून काढायला काय काय केलंस. चकल्या करून घातल्यास, शिव्या घातल्यास, एकदा तर मंडळाच्या गणपतीसमोर मला शपथ घालायला निघाली होतीस. मी दर वेळी एक विनोद टाकून निसटलो. आता तू नाहीस तर बघ कसं सुळकन बाहेर आलं. असतीस तर म्हणाली असतीस, "आलास का लायनीवर, नाटक्या."

मंगळवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. उजव्या म्हणायची नुसती रीत. डावा असून नसल्यासारखा आहे हे तुला ठाऊक होतं आणि तो कसा गेला हेही खरं खरं फक्त तुलाच ठाऊक होतं. मंडळातल्या पुणेकरांना मी पतंगाचा मांजा सांगितलाय, मुंबईकरांना दिवाळीचा बॉम्ब आणि ऑफिसातल्या एका अमेरिकन मॅनेजरला वाघ. वाघ तूही एक संध्याकाळभर खरा मानलास, किंवा तसं सोंग केलंस. प्रत्यक्षात ती नागपुरातली एक विटी होती. मीच मारली, भिंतीवर आपटली, मलाच परत आली. राग धरावा असं त्यात कुणीच नाही, म्हणून ती गोष्ट उभी राहत नाही.

तर डोळा एकच. सर्जन बाई तरुण आहेत, हसऱ्या आहेत, चहा गार व्हायच्या आत काम होईल म्हणतात. हे आमचं रोजचं काम आहे, असंही म्हणतात. त्यांचं असेल. मला हा डोळा एकदाच मिळालाय.

हल्ली सकाळी दात घासताना मी उजवा डोळा मिटून बघतो. बघतो म्हणजे काय, बघतच नाही, तेच तर बघायचं असतं. मग चाचपडत टॉवेल शोधतो, चाचपडत जिना उतरतो. परवा मेधानं मला स्वयंपाकघरात पकडलं, डोळे मिटून दोन बरण्या हातात घेऊन उभा होतो, मीठ कुठलं आणि साखर कुठली याचा अंदाज करत. काय चाललंय, म्हणाली. योगा, म्हटलं. तिनं माझ्या हातातून बरण्या काढून घेतल्या आणि थोडा वेळ माझा हात धरून तशीच उभी राहिली. बायको काही न बोलता हात धरते ना मावशी, तेव्हा खरी भीती कळते.

पावसात ड्राइव्ह करणं मी मागच्या हिवाळ्यात सोडलं. आपल्या या सिॲटलशेजारच्या बॉथेलमध्ये पावसात ड्राइव्ह करणं सोडलं म्हणजे ड्राइव्ह करणंच सोडलं. समोरून येणारा प्रत्येक दिवा भुईचक्रासारखा फुलायचा. रेडमंडला ऑफिसात बसनं जायला लागलो आणि शनिवारी चार घरं सोडून तुझ्याकडे चालत यायला लागलो. तुझा मुलगा आणि सून कॉस्टकोला सामान आणायला जायचे आणि आपण दोघं चहा पीत आप्पांना स्वयंपाकघरात आणून बसवायचो.

आप्पांची गोष्ट आता तुलाच सांगतो. तू नेहमी म्हणायचीस की मी चुकीची सांगतो. आज मध्ये टोकायला तू नाहीस, म्हणून आज ती बरोबर सांगितली पाहिजे. हा काय अन्याय आहे.

आप्पा म्हणजे तुझे आजोबा, डोळ्यांचे सर्जन. विसावं शतक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मुंबईहून शिकून आले आणि कृष्णाकाठच्या एका लहान गावात दवाखाना थाटला. त्या काळी आठवड्याच्या बाजारात मोती काढणारे फिरते लोक बसायचे. सुईनं मोती डोळ्यातच खाली ढकलायचे, म्हाताऱ्याला दिसायला लागायचं, लोक वाहवा करायचे आणि डोळा पिकायच्या आत हे पुढच्या गावच्या बाजाराला गेलेले असायचे. आप्पांना मात्र गाव सोडून कुठे जायचं नव्हतं. ज्याचा डोळा बिघडेल तो उद्या रस्त्यात भेटणार, हे धरूनच ते सुरी हातात घ्यायचे.

थंडीत बैलगाड्या यायच्या. उत्तरेकडच्या ओसरीत, सकाळच्या उजेडात टेबल मांडलेलं. सुरीची धार ते डब्यावर ताणलेल्या पातळ कातड्यावर बघायचे. सुरी दाबायची नाही, तिच्या स्वतःच्या वजनानं ती कातड्यातून गेली पाहिजे, नाहीतर बाजूला. डोळ्यात कोकेनचे थेंब, म्हणजे डोळा बधिर, पण माणूस लख्ख जागा. नंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी आणि डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, कितीतरी दिवस मान हलवायची नाही.

आणि आप्पांचा तो नियम. प्रत्येक पेशंटनं घरचं एक बोलणारं माणूस आणायचं. त्यानं उशाशी बसून घरातलं साधंसुधं काहीबाही बोलत राहायचं. म्हैस किती दूध देते, शेजारीण कुणाशी भांडली, कुंपण कुठे मोडलं. पेशंटनं उत्तर द्यायचं नाही. बोलणाऱ्यानं रडायचं नाही, विनोद करायचा नाही कारण हसलं की डोळा हलतो, आणि देवाचं नाव घ्यायचं नाही.

हे शेवटचं मी मंडळाच्या स्टेजवर सांगायचो तेव्हा हॉल हमखास चकित व्हायचा. आप्पा ते अनुभवावरून शिकले होते. एका म्हाताऱ्याचा डोळा उघडा, सुरी आत, आणि उशाशी बसलेली सून भीतीनं 'विठ्ठला' म्हणाली. म्हाताऱ्यानं जन्मभराच्या सवयीनं झटकन दोन्ही हात जोडून वर नेले. आप्पांच्या कोपराला धक्का बसला. तो डोळा गेला.

त्यानंतर आप्पा पेशंटच्या दोन्ही हातांत पोटावर एक नारळ द्यायला लागले. कोणी काहीही म्हणो, हात जोडता येणार नाहीत. पट्टी सुटायच्या दिवशी तोच नारळ डोळ्यांसमोर धरायचे आणि विचारायचे, ओळख, काय आहे. ओळखला की पायरीवर फोडायचा. पहिला तुकडा बोलणाऱ्याला.

इथपर्यंत मी दर गणेशोत्सवात सांगायचो आणि टाळ्या घेऊन खाली उतरायचो. खाली पहिल्या रांगेत तू, मांडीवर पर्स, तोंड वाकडं. आपलं भांडण तिथूनच सुरू व्हायचं, पार्किंग लॉटपर्यंत चालायचं आणि पुढच्या शनिवारी चहाबरोबर पुन्हा गरम व्हायचं.

"फळी खाल्लीस," तू म्हणायचीस.

फळी म्हणजे आप्पांच्या झोपायच्या खोलीतली. ज्यांना पट्टी सोडल्यावर नारळ ओळखता आला नाही त्यांचे नारळ आप्पांनी फोडू दिले नाहीत, टाकू दिले नाहीत. ते त्या फळीवर ओळीनं होते. वर्षानुवर्षं वाळून आतला गोटा सुटलेला. म्हातारपणी आप्पांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोती पिकला, तेव्हा ते एकेक नारळ उचलून कानाशी हलवायचे आणि आवाजावरून नाव सांगायचे, गावासकट. तू लहान होतीस, त्यांच्या शेजारी बसून तू ती नावं पाठ केलीस. बॉथेलच्या स्वयंपाकघरात, डिशवॉशरच्या घरघरीत, तू मला ती म्हणून दाखवलीस. मी दुसरा चहा मागितला होता, तो प्यायलोच नाही.

मी म्हणायचो, मावशी, लोक मोदक खाऊन बसलेत, त्यांना कशाला आंधळ्यांची यादी. तू म्हणायचीस, सर्जनची गोष्ट फळीशिवाय म्हणजे नुसता शोभेचा सोनेरी चष्मा. आपल्यात बरोबर कोण हे अजून ठरलेलं नाही. मी माझं मत सोडलेलं नाही, तू मेलीस म्हणून तर मुळीच सोडणार नाही. पण आज एक सांगतो. फळी मी लोकांसाठी नव्हती गाळली. त्या फळीवर मला एक जागा रिकामी दिसायची.

आणि मग आपलं मोठं भांडण. आप्पांचा स्वतःचा नारळ.

आप्पांचाच एक शिष्य, तोवर मोठा सर्जन झालेला, त्यांचं ऑपरेशन करायला आला. तीच ओसरी, तोच उजेड. बोलणारं माणूस म्हणून आप्पांनी घरातल्या सगळ्या मोठ्यांना सोडून तुला निवडलं. तू उशाशी बसलीस, मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगायला लागलीस. शिष्यानं सुरी घेतली. आणि आप्पा उठून बसले. टेबलावरून उतरले, नारळ हातात तसाच, चाचपडत आपल्या खोलीत गेले आणि तो नारळ स्वतः फळीवर ठेवला. पुन्हा कधीही ऑपरेशन करून घेतलं नाही. आंधळेच गेले.

माझं म्हणणं होतं की आप्पांनी शिष्याला वाचवलं. गुरूचा डोळा हातून गेला तर पोरगा जन्मभर सुरी धरणार नाही, म्हणून ते उठले. केवढा सीन आहे, मावशी. पडदा पडायलाच पाहिजे तिथे.

तू म्हणालीस, "ते घाबरले. बास. ज्यांनी शेकडो लोकांना झोपवलं ते स्वतः झोपायला घाबरले, आणि यात वाईट काही नाही."

मी म्हटलं, तुला काय माहीत, तू एवढीशी होतीस. तू म्हणालीस, उठायच्या आधी आप्पा माझ्याशी बोलले. पेशंटनं बोलायचं नसतं, पण ते बोलले. मी विचारलं, काय. तू चहा गाळत राहिलीस. तेव्हा मी, नाटक्या तो नाटक्या, डोळा मिचकावून म्हणालो की म्हणजे तूच काहीतरी बोलली असशील, देवाचं नाव घेतलं असशील आणि म्हातारा उठला असेल.

  डिशवॉशर नेमका तेव्हाच थांबला. मग तू गाळणं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "टेबलावर सांगेन. तुझं ऑपरेशन होईल तेव्हा उशाशी बसून सांगेन. त्याच्याआधी एक अक्षर नाही."

तोवर मी अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केली होती. तू ओळखलं होतंस की मला विनवून, रागावून, समजावून उपयोग नाही. गोष्टीचा शेवट अडवला की मी फरफटत येईन.

तू माझ्याबरोबर क्लिनिकलाही आलीस, तो दिवस मी मंडळात सांगायला राखून ठेवला होता. सर्जन बाईंना तू आधी हात दाखवायला लावलेस. मग विचारलंस, सुरीची धार तुम्ही कशावर बघता. त्या म्हणाल्या, ब्लेड नवीन पाकिटातून येतं, एकदा वापरून टाकून देतो. तू माझ्याकडे वळून, त्यांना मराठी कळत नाही या भरवशावर, म्हणालीस, "म्हणजे धार कुणी बघतच नाही रे."  तू तशीच पुढे आप्पांचा नियम सांगायला लागलीस, तुझ्या त्या खणखणीत इंग्लिशमध्ये, नारळासकट. बाईंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. आत कुणाला येऊ देत नाही, पण विचारून बघते, म्हणाल्या. आणि खरंच विचारलं. तुला टोपी, मास्क, गाऊन घालून स्टुलावर बसायची परवानगी मिळाली, अट एकच, कशालाही हात लावायचा नाही. मेधाच्या गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, पोरगी बरी आहे, हात थरथरत नाहीत, आप्पांना चालली असती.

आणि मग तू ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात गेलीस. मावशी, मी रडलो, ते मेधानं पाहिलं. पण रडायच्या आधी क्षणभर मला तुझा भयंकर राग आला, ते कुणी पाहिलं नाही. तुझ्याबरोबर गोष्टीचा शेवट गेला आणि माझं बोलणारं माणूस गेलं. मी फोन उचलला आणि तिसऱ्यांदा कॅन्सल केलं. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, घरातलं माणूस गेलं. ते खोटं नव्हतं. त्यांनी तेव्हाच ही मंगळवारची तारीख दिली.

तुझ्या घरी सगळे जमले त्या शनिवारी मी आलो. तुझ्या मुलानं हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता आणि शेजारी फायरप्लेसवरच्या फळीवर आप्पांचा नारळ. इथे येताना तू तो एकच आणलास, स्वतःच्या पर्समधून. सिॲटलच्या एअरपोर्टवर ऑफिसरनं तो हलवून विचारलं, आत काय आहे, आणि तू म्हणालीस, माय ग्रँडफादर, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी परत दिला. हे तू सांगायचीस. दोन्ही हातांनी दिला हे मला कधीच खरं वाटलं नाही. पण मीही तिथे तसंच घातलं असतं.

मला वाटलं कुणी बघत नाहीये, म्हणून मी नारळ उचलून कानाशी नेला. आत खडखडलं. मी पटकन ठेवून दिला.

मागे रिया उभी होती. तुझी नात, जी लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि माझ्या प्रत्येक विनोदाला 'ओके काका' म्हणते. मला किचनमध्ये घेऊन गेली. म्हणाली, आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा शेवटच्या दिवशी तिनं मला तुमच्यासाठी एक गोष्ट सांगितली. आप्पा काय म्हणाले ती. दोनदा रिपीट करायला लावली. मराठीतच सांगायची, असं म्हणाली.

मी म्हटलं, आणि?

"आणि फक्त टेबलावर सांगायची, असं म्हणाली. काका, दॅट्स सो मीन. तुम्ही एवढे स्केअर्ड आहात. मी सांगते आत्ताच." आणि तिनं खरंच सुरुवात केली, तिच्या त्या अडखळत्या, एकेक शब्द जपून ठेवल्यासारख्या मराठीत. "आप्पांनी आजीचा हात धरला, आणि..."

मी दोन्ही हातांनी कान दाबले, मावशी. तुझ्या किचनमध्ये, पोह्यांच्या पातेल्यासमोर, पन्नाशी उलटलेला माणूस. दारातून तुझी सून बघत होती, तिच्यामागे मंडळाचे दोन काका. मी काही सोंग करतोय असं वाटून त्यांनी हसायची तयारी केली. मी सोंग करत नव्हतो. मला तो शेवट हवा होता. पण तो तिथे ऐकला असता तर मंगळवारी मी कशाला गेलो असतो?

रिया थांबली. मी कान सोडले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पेशंटकडे बघतात तसं. मग म्हणाली की आजीची स्टुलाची जागा तिनं सर्जनला विचारून स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. तिनं हे मला न विचारता केलं. तुझीच नात. नारळाचंही विचारलं. फोनवरच्या बाईंनी म्हणे आधी खात्री करून घेतली, नारळच ना, मग म्हणाल्या की प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ब्लँकेटखाली चालेल, आणि फ्रेश का ड्राय.

फ्रेश, म्हटलं. आप्पांचा नको. मला माझा पाहिजे.

मी तिला सगळे नियम सांगितले. रडायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही. ती लगेच म्हणाली, "आणि नो जोक्स. डोळा हलतो. आय नो. तो रूल तुमच्यासाठी आहे, काका." मग जरा हळू आवाजात विचारलं, माझं मराठी मध्येच अडलं तर? मी म्हटलं, अडू दे. मी मदत करणार नाही. मला तिथे बोलायची परवानगी नाही.

निघताना मी पुन्हा हॉलमध्ये डोकावलो. आप्पांच्या नारळाशेजारी एका नारळापुरती जागा मोकळी आहे. तुझ्या सुनेनं तिथे पणती ठेवली होती, विझल्यावर काढली असावी. मी त्या जागेकडे पाहिलं, एका डोळ्यानं.  आज सकाळी टॉवेल शोधतानाही, डोळा मिटलेला असून, ती जागा तिथेच होती.

मंगळवारी डोळ्यासमोर तो पांढरा दिवा येईल, बाकी काही दिसणार नाही. पोटावर नारळ असेल, त्यावर माझे दोन्ही हात. रिया म्हणेल, आप्पांनी आजीचा हात धरला, आणि. आप्पा तिथून उठून गेले, आणि त्यात वाईट काही नाही, हे आता मला मान्य आहे. मलाही उठावंसं वाटेल. पण गोष्ट अर्धी टाकून उठणाऱ्यांपैकी मी नव्हे, हे तू चहा गाळता गाळता ओळखलं होतंस.